निघोजचे रांजणखळगे आणि सहलीची वयोमर्यादा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केल्यामुळे वेळ काय आणि पैसा काय, मोजून घ्यायचा आणि मोजून परत करायचा, ही सवय लागली आहे. त्यामुळे जेवणाला उशीर होईल अशी भीती कोणी बाळगू नये.

विषय आहे १८ जानेवारीची आपली निघोजची सहल. दोन बस, एकूण ८४ माणसे. हिशोब नोटीस बोर्डावर लावला आहे, शिल्लक सहल निधीत जमा केली आहे, तेव्हा त्यावर बोलत नाही. जे येऊ शकले नाहीत त्यांना आम्ही काय पाहिले ते सांगायचे आहे. आणि दुसरे म्हणजे, येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला एक सूचना आली आहे: 'यापुढील सहलींना सत्तर वर्षांवरील सभासदांना नेण्यात येऊ नये.' माझे वय ७४. म्हणजे माझे हितसंबंध उघड आहेत, ते आधीच जाहीर करतो आणि पुढे जातो.

निघोज हे पारनेर तालुक्यातले गाव. जिल्हा अहिल्यानगर, आपल्या जुन्या सवयीने नगर. पुण्याहून साधारण नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. नगर रोडने वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूर गाठायचे आणि तिथून आत वळायचे. रांजणगावला महागणपतीचे दर्शन झाले. तिथे बी विंगमधल्या एका चिमुरड्याने मला विचारले, "आजोबा, ते रांजण हेच का?" म्हटले, "नाही रे बाबा, ते रांजण अजून पुढे आहेत आणि ते कुंभाराने केलेले नाहीत."

शिरूर सोडले की दोन्ही बाजूंना कांद्याची आणि उसाची शेते. जमीन सपाट. डोंगर नाही, कडा नाही. "इथं काय बघायचं आहे?" असे बसमध्ये दोन-तीन जणांनी बोलूनही दाखवले. खरी गंमत तीच आहे. निघोजचे कुंड लांबून दिसतच नाही. आपण चालत चालत काठावर येतो आणि एकदम पायाखालची जमीन संपते. समोर काळ्या कातळात नदीने कापलेली खोल घळ आणि त्या कातळात शेकडो खळगे. काही वाटीएवढे, काही परातीएवढे, काही विहिरीसारखे, माणूस उभा राहिला तर दिसणार नाही एवढे. कडा अशा गुळगुळीत की हात फिरवला तर घासलेल्या फरशीची आठवण यावी. काही खळगे एकमेकांत मिसळून त्यांच्या कमानी झाल्या आहेत, काहींच्या भिंतीला आतून स्क्रूच्या आट्यांसारखे वळसे आहेत. भूगोलाच्या पुस्तकात यांनाच रांजणखळगे म्हणतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मार्कांपुरते हे नाव पाठ केले होते. प्रत्यक्ष बघितल्यावर कळले की नाव ठेवणाऱ्याने अगदी नेमके ठेवले आहे.

ही नदी कुकडी. जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या बाजूला उगम पावते. उगमाजवळ पूर गावी कुकडेश्वराचे जुने देऊळ आहे. तिथून माणिकडोह, येडगाव ही धरणे ओलांडत ती इथे येते. इथे ती दोन जिल्ह्यांची हद्द आहे. एका काठाला निघोज, म्हणजे नगर जिल्हा. पलीकडे टाकळी हाजी, म्हणजे शिरूर तालुका, आपला पुणे जिल्हा. पुढे कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला. मध्ये दोन्ही काठ जोडणारा झुलता पूल आहे. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे. या देवीची यात्रा चैत्रात भरते आणि लांबलांबहून माणसे येतात.

आता हे खळगे झाले कसे? बसमध्ये सातवीतल्या एका मुलीने मला फार चांगला प्रश्न विचारला होता. "पाणी तर मऊ असतं. मग ते दगड कसं कापतं?" तिला तेव्हा म्हटले, तिथे गेल्यावर दाखवतो. तिथे एका कोरड्या खळग्यात वाकून बघायला लावले. तळाशी काय होते? गोल गोल गोटे. लिंबाएवढे, मोसंब्याएवढे. खरे कारागीर हे. पाणी फक्त त्यांना फिरवते.

आपला सह्याद्री आणि हे सगळे पठार लाव्ह्याचे बनले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा हा काळा पाषाण झाला. तोच बेसाल्ट. हा खडक कठीण खरा, पण सगळीकडे सारखा कठीण नसतो. कुठे भेग असते, कुठे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी तो सच्छिद्र झालेला असतो. पुराच्या पाण्याने अशा जागी आधी छोटासा खोलगट भाग तयार होतो. मग वाहत्या पाण्याचा त्यात भोवरा होतो. वाहत आलेला एखादा दगड त्या भोवऱ्यात सापडतो आणि गरगर फिरू लागतो. फिरताना तळ घासतो, बाजू घासतो. पूर ओसरला की थांबतो. पुढच्या पावसाळ्यात परत सुरू. तो दगड झिजून त्याची वाळू झाली की ती वाहून जाते, तोवर दुसरा दगड येऊन पडलेला असतो.

हे मी सांगत असताना आपल्या आजी, ज्यांच्याविषयी पुढे बोलणारच आहे, खुर्चीवरून म्हणाल्या, "अहो, म्हणजे पाटा-वरवंटाच की! वाटण वाटताना पाटाही झिजतो, वरवंटाही झिजतो. म्हणून तर टाकी लावून घ्यावी लागायची." माझ्या पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा मुलांना हे एक वाक्य लवकर कळले. मात्र लगेच 'पाटा म्हणजे काय' आणि 'टाकी म्हणजे पाण्याची का' हे दोन उपप्रश्न आले, तेही आजींनीच निस्तरले.

मी बँकवाला, त्यामुळे मला तिथे व्याज दिसले. समजा, फक्त समजा हं, एखादा खळगा वर्षाला एक मिलिमीटर खोल होतो. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीच्या आसपास. तर एक मीटर खोल व्हायला हजार वर्षे. हे झाले सरळव्याज. पण खळगा जसा खोल होतो तसा गोटा आत जास्त पक्का अडकतो, सहज बाहेर फेकला जात नाही आणि जास्त काळ घासत राहतो. म्हणजे काही मर्यादेपर्यंत हे चक्रवाढही आहे. तरुण सभासदांना मी नेहमी सांगतो की दरमहा थोडे टाका, मोडू नका. ऐकत कोणी नाही. आता पुरावा म्हणून निघोजचा फोटो दाखवणार आहे.

जेवणाविषयी बोललो नाही तर भगिनीवर्ग रागावेल. गावातल्या एका घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवले होते. बाजरीची भाकरी, ठेचा, झणझणीत रस्सा आणि मासवडी. नाव ऐकून आपल्या एका शुद्ध शाकाहारी काकूंनी ताट बाजूला सरकवले. मासवडीत मास नसतो, बेसनाच्या पारीत तीळ, खोबरे, कांदा, लसणाचे सारण असते, हे पटवून द्यायला दहा मिनिटे लागली. नंतर त्यांनी किती खाल्ल्या ते सांगत नाही, कारण त्या समोरच बसल्या आहेत.

आता विषय क्रमांक सात.

ही सूचना ज्यांनी आणली त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांची काळजी खोटी नाही. गेल्या वर्षी १५ जूनला आपल्या मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा जीव गेला, कितीतरी जण जखमी झाले. तिथेही असेच रांजणखळगे आहेत, तीही रविवारची सहलीचीच गर्दी होती. सहलीची तयारी सुरू झाली तेव्हा कमिटीच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. म्हणूनच आपण पावसाळा टाळून जानेवारी धरला. म्हणूनच झुलत्या पुलावर एका वेळी पाचच जण सोडले, आणि पहिले पाच पलीकडे पोहोचल्याशिवाय पुढचे पाच सोडले नाहीत. मुले कंटाळली, पण रांग मोडली नाही.

पण मंडळी, कुंडमळ्याला प्रश्न वयाचा नव्हता. पुलाचा होता, गर्दीचा होता. निघोजला त्या दिवशी धोका कुठे होता आणि तो कोणी ओळखला, ते सांगतो.

आपल्या सी विंगमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक सभासद आहेत. वय ७६. नाव घेतलेले त्यांना आवडत नाही म्हणून घेत नाही, कोण ते सगळ्यांना माहीत आहे. कुंडावर पोहोचल्याबरोबर सगळे फोटोला पळाले. हे गृहस्थ मात्र खाली उतरले, पाण्याच्या अगदी कडेला एक पांढरट गोटा ठेवला आणि वर येऊन सावलीत बसले. मी विचारले, हे काय? म्हणाले, "सवय. नोकरीत रोज सकाळी पाण्याची पातळी वाचायची असायची. पट्टी नसली तर दगड ठेवायचा."

त्या वेळी घळीच्या तळाला मधोमध पाण्याची बारीकशी धार होती. आपल्या कॉलेजमधल्या मुलांची एक टोळी त्या धारेपलीकडच्या खडकावर बसली होती. जागा छान, फोटो छान. ऊन कडक, आकाशात ढगाचा ठिपका नाही. तासाभराने हे गृहस्थ सहज उठून खाली बघून आले आणि मला म्हणाले, "गोटा पाण्यात गेलाय. पाण्यावर पालापाचोळाही यायला लागलाय. पोरांना अलीकडे बोलवा." पाऊस नाही, काही नाही, मग पाणी कुठून? ते म्हणाले, "वर कुठल्यातरी बंधाऱ्याचे ढापे काढले असतील. इथे पाऊस लागत नाही."

मुलांना हाका मारल्या. ती म्हणाली, "काका, पाणी तर तेवढंच आहे!" खरेच, वरून बघणाऱ्याला काही फरक दिसत नव्हता. दोघांनी कुरकुरही केली. पण हे गृहस्थ स्वतः पुन्हा खाली उतरले, हात पुढे केला आणि एकेकाला धारेच्या अलीकडे घेतले. पुढच्या अर्ध्या तासात ती धार रुंद झाली आणि जिथून मुले उडी मारून आली होती तो दगड पाण्याखाली गेला. पूर वगैरे काही नव्हता, उगाच तिखटमीठ लावत नाही. गुडघाभर पाणी असेल. पण त्या खडकावर शेवाळ आहे आणि गुडघाभर पाण्याखाली कुठे कातळ आहे आणि कुठे दोन पुरुष खोल रांजण आहे, हे वरून कोणालाही कळत नाही. त्या टोळीत माझा नातू होता. त्यामुळे मी हे जरा जास्त जोर देऊन सांगतो आहे.

आता विषय क्रमांक सात मागच्या वर्षीच मंजूर झाला असता, तर हे ७६ वर्षांचे गृहस्थ १८ जानेवारीला घरी टीव्ही बघत बसले असते.

आणि आता आपल्या आजी. वय ८२. सहलीच्या यादीत त्यांचे नाव आले तेव्हा त्यांच्या सुनेलाही आश्चर्य वाटले. "मला निघोजला जायचंय," एवढेच म्हणाल्या. त्यांना कुठे बसवायचे, कोण सांभाळणार, यावर आपण किती चर्चा केली ते इथल्या अनेकांना आठवत असेल. शेवटी क्लब हाउसमधली हाताची एक खुर्ची बसच्या डिकीत टाकली. तिथे गेल्यावर चार मुलांनी खुर्ची उचलली आणि जिथपर्यंत कातळ सपाट आहे तिथपर्यंत, कडेपासून सुरक्षित अंतरावर नेऊन ठेवली. पुढे नेले नाही, त्यांनी मागितलेही नाही.

तिथे बसून त्यांनी सांगितले की त्यांचे माहेर पारनेर तालुक्यातलेच. लहानपणी चैत्राच्या यात्रेला बैलगाडीतून यायच्या. रात्रभर प्रवास, पहाटे नदीवर अंघोळ, देवीचे दर्शन, रेवड्या, बांगड्या. कुंडाविषयी मोठी माणसे सांगायची की सात बाजांचे सुंभ एकाला एक बांधून सोडले तरी तळ लागत नाही. लग्नानंतर बासष्ट वर्षांत या बाजूला येणे झालेच नाही. कोणीतरी विचारले, "आजी, बदललंय का हो सगळं?" तर म्हणाल्या, "मला काय माहीत? आम्हा पोरींना तेव्हा काठापर्यंत जाऊच देत नव्हते. पडशील म्हणायचे. कुंड मी आज पहिल्यांदा बघते आहे."

यावर मी काही बोलणार नाही. फक्त एवढेच सांगतो की लहान होत्या म्हणून तेव्हा बघता आले नाही, आणि या वर्षी नियम असता तर म्हाताऱ्या आहेत म्हणून बघता आले नसते.

आता थोडे आकडे. खजिनदार असताना केलेली सभासदांची यादी माझ्याकडे आहे. आपले फ्लॅट ४०. २००१ साली सोसायटी नोंदली गेली तेव्हा आपल्यातले बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीत होतो. बनेश्वरला पहिली सहल गेली तेव्हा आम्हीच मुलांना खांद्यावर घेऊन फिरत होतो. आज ४० पैकी २३ घरांत सत्तरीच्या वरचे किमान एक माणूस आहे. म्हणजे नियम केला तर २३ घरांत सहलीच्या दिवशी दोन भाग होणार: जाणारे आणि राहणारे. आणि राहणाऱ्यांजवळ कोणीतरी थांबायला हवे, म्हणजे बहुतेक घरांत सून किंवा मुलगी थांबणार. हाही हिशोब मांडायला हवा.

एकच बाजू मांडून बसणारा मी नाही. येताना एका काकूंना थकवा आला, बस वीस मिनिटे थांबवावी लागली, हे खरे आहे. प्रसाधनगृहांची अडचण झाली, हेही खरे. पुरुष बोलत नाहीत आणि बायका सहन करतात, म्हणून मी बोलतो. सकाळपासून पाणी न पिता बसणाऱ्या आपल्या भगिनींना थकवा येणारच, त्याला सत्तरी लागत नाही.

म्हणून विषय क्रमांक सातला माझी उपसूचना अशी आहे. वयाची अट नको, व्यवस्थेची अट ठेवू. एक, नदीकाठची सहल पावसाळ्यात काढायची नाही. दोन, दर दीड तासाला स्वच्छ प्रसाधनगृह असलेल्या ठिकाणी बस थांबेल, आणि ती ठिकाणे आधी जाऊन बघितलेली असतील. तीन, दोन हलक्या घडीच्या खुर्च्या सोसायटीने विकत घ्याव्यात. सहल निधीच्या शिल्लकेत त्या बसतात, मी बघितले आहे. चार, दर दहा माणसांमागे एक तरुण आणि एक ज्येष्ठ अशी जोडी जबाबदार राहील. तरुणाने हात द्यायचा, ज्येष्ठाने डोळे उघडे ठेवायचे. आणि पाच, ज्याला जिथे झेपत नाही तिथे त्याने स्वतः सांगायचे. हा नियम ज्येष्ठांसाठी आहे. आम्हा म्हाताऱ्यांना 'मला काय झालंय' म्हणायची फार वाईट खोड असते.

ज्यांनी अजून निघोज पाहिले नाही त्यांनी जरूर जावे. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला जावे, सकाळी लवकर जावे, चपला सोडून चांगली पकड असलेले बूट घालावेत. खळग्यात प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नयेत. आपल्या मुलांनी येताना तीन पोती भरून बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे गोळा करून आणली. त्यातली एकही आपली नव्हती याचा मला अभिमान आहे. आणि पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक गोटा ठेवायला विसरू नये.

सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. कोरमसाठी अर्धा तास थांबायची वेळ आणू नका. विषय क्रमांक सात शेवटच्या पानावर आहे, तोवर चहा पिऊन निघून जाऊ नका. मत विरुद्ध द्यायचे असेल तर जरूर द्या, पण येऊन द्या.

माझी पंधरा मिनिटे झाली. सहलीसाठी राबलेल्या सगळ्या तरुण मित्रांचे, विशेषतः खुर्ची उचलणाऱ्या त्या चौघांचे मनापासून आभार मानतो, सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा देतो आणि थांबतो.